घोडा खूर का घासतो?

व्याख्यानमालेच्या चालकांनी मला बोलावले, तेव्हा मी किमान वेतनावर बोलेन अशी त्यांची अपेक्षा असावी. गेली ३० वर्षे मी तेच बोलत आलो आहे. पण आज मी अशा एका कामकऱ्याविषयी बोलणार आहे, की ज्याला संघटना नाही, रजा नाही, आणि आपले दुखणे सांगायला वाचाही नाही. तो म्हणजे घोडा. मी पशुवैद्य नव्हे. माझी शाळा सातवीत सुटली. पुढचे सारे वाचनालयात बसून आणि जाणत्यांना विचारून मिळवले. पण मी टांगेवाल्याचा मुलगा आहे, आणि एका घोडीचे ऋण माझ्यावर आहे.

१९८० च्या सुमारास आमच्याकडे एक तांबडी घोडी होती. पावसाळा सरत आला आणि तिचा मागचा डावा खूर रस्त्यावर घासू लागला. नाल पुढच्या टोकाशी झिजली. टांगा वळवताना तिचे मागचे अंग झोकांड्या खाई; मागे सरक म्हटले तर पाय अडखळत. ताप नव्हता, दाणाचारा ती आवडीने खात होती. तेव्हा वडिलांना वाटले, घोडी कामचुकार झाली. त्यांनी चाबूक चालवला. पुढे कोणीतरी म्हणाले, कमरेत वारा भरला आहे. म्हणून तापल्या सळईने डाग दिले. महिनाभरात ती खाली बसली, ती पुन्हा उठली नाही. त्या चाबकाचे वळ वडिलांच्या मनावर मात्र अखेरपर्यंत राहिले.

जुने मोतद्दार या रोगाला ‘कमरी’ किंवा ‘कुमरी’ म्हणत. कमर जाते ती कमरी. नावाने दुखण्याची जागा बरोबर दाखवली, पण कारण दाखवले नाही. पाठीच्या मणक्यांच्या आतून मेंदूपासून मागे एक मऊ दोर जातो, तो मज्जारज्जू. कारखान्यात कचेरीचा हुकूम खात्याखात्यात नेणारी तार असते, तसाच हा दोर समजा. मेंदूचा हुकूम तो पायाला पोचवतो, आणि पायाची खबर मेंदूला. तार मध्येच तुटली तर यंत्रही धड, कामगारही धड, पण काम बंद. कमरीत असेच घडते. घोड्याची इच्छा असते, पायात बळही असते. निरोप पोचत नाही.

मग तार तोडतो कोण? १९५५ साली इनेस आणि पिल्लई या संशोधकांनी सिलोन, म्हणजे आजच्या श्रीलंकेतल्या घोड्यांच्या अभ्यासावरून दाखवून दिले, की कुमरीच्या मुळाशी एक जंत आहे. जपानात शेळ्यामेंढ्यांच्या अशाच लुळेपणाचा छडा त्याआधीच लागला होता. या जंताचे नाव सेटारिया डिजिटाटा. त्याचे खरे घर गाईगुरांचे पोट. तेथे तो पांढऱ्या दोऱ्यासारखा राहतो आणि गुराला बहुधा काही त्रास देत नाही. त्याच्या सूक्ष्म अळ्या गुराच्या रक्तात फिरतात. डास रक्त पितो तेव्हा त्या डासाच्या अंगात जातात, सुमारे दोन आठवड्यांत वाढतात, आणि तोच डास घोड्याला चावला की घोड्याच्या अंगात उतरतात. गुराच्या शरीरात त्यांना वाट ठाऊक असते. घोड्याच्या शरीरात त्या वाट चुकतात. भटकत भटकत एखादी डोळ्यात शिरते, एखादी मज्जारज्जूत. तिथला तिचा मार्ग म्हणजे तुटलेल्या तारांची रांग. एकच अळी पुरे होते. ती घोड्यात सहसा पुरी वाढत नाही, त्यामुळे रक्त तपासूनही पत्ता लागत नाही.

आमच्या तबेल्याला लागून गोठा होता आणि दोहोंच्या मध्ये तुंबलेले गटार. तेव्हा त्या तिघांचा संबंध आम्हाला कळला नाही.

येथे एक सावधगिरी सांगितली पाहिजे. मागचा पाय ओढणारा प्रत्येक घोडा कमरीचाच असतो असे नाही. पडझडीने मणक्याला इजा होते. सर्रा रोगातही ताप येऊन, रक्त कमी होऊन मागचे अंग लटपटते. आणि पिसाळीची सुरुवातही कधी मागचे पाय लुळे पडण्याने होते. म्हणून अशा घोड्याच्या तोंडात हात घालू नये, पशुवैद्याला बोलवावे.

उपाय आहे, पण वेळेत हवा. माणसाच्या हत्तीरोगावर दिले जाणारे डायएथिलकार्बामाझिन हे औषध या रोगातही वापरले जाते. सुब्बराव या आपल्या आंध्रच्या सुपुत्राच्या मार्गदर्शनाखाली ते १९४० च्या दशकात अमेरिकेत तयार झाले. औषध अळीला मारते. तुटलेला मज्जातंतू मात्र जोडून देत नाही. म्हणून पहिल्या आठवड्यात खूर घासताना दिसणे, यातच सारे आले. डाग देऊन फक्त वेदना वाढतात.

त्याहून बरे म्हणजे रोग येऊच न देणे. तबेला गोठ्यापासून दूर असावा, तिन्हीसांजेला धूर करावा, जाळी लावावी, पिंपातले पाणी आठवड्याला ओतून टाकावे. पण गटार एकट्या टांगेवाल्याने वाहते होत नाही. दूधवाला, घोडेवाला आणि नगरपालिका यांनी मिळून ते करायचे असते. संघटना म्हणजे याहून वेगळे काय?

मुंबईच्या व्हिक्टोरिया गाड्या २०१५ च्या उच्च न्यायालयाच्या निकालानंतर गेल्या. पण माथेरानच्या चढावर माणसे वाहणारा, वरातीत सजणारा घोडा आजही राबतो आहे. त्याच्या मालकाला माझे एवढेच सांगणे: चाबूक उचलण्याआधी खाली वाकून त्याच्या मागच्या खुराची नाल पहा. त्याला जे बोलता येत नाही, ते तिच्यावर लिहिलेले असते.