माळवदाचें ओझें व भूकंप

लोहा तालुक्यांतील आमच्या कांहीं वाचकांचीं जुनीं घरें अद्याप दगडमातीचीं व माळवदाचीं आहेत. उन्हाळ्यांत त्यांसारखें सुख नाहीं. परंतु किल्लारीस ३० सप्टेंबर १९९३ रोजीं पहाटे चारच्या सुमारास असलींच घरें जीवघेणीं ठरलीं. गणेशविसर्जनाची रात्र सरत होती. माणसें गाढ झोपेंत होतीं. त्या भूकंपांत ७,५०० हून अधिक माणसें दगावलीं.

भूकंप जगाच्या मानानें फार मोठा नव्हता. घात केला तो भिंतींनीं. आंत एक व बाहेर एक असे दगडांचे दोन पदर, मध्यें चिखल व खडी. दोहोंस बांधणारा लांब दगड मात्र नाहीं. हादऱ्यासरशी पदर फाकले व माळवद खालीं आलें. गळतीच्या भयानें आपण दरसाल वर माती चढवितों, जुनी मात्र उतरवीत नाहीं! पुष्कळ ठिकाणीं भिंती ढासळूनही लांकडी खांब उभे राहिले, हें ध्यानांत ठेवावें.

हिंगोलीकडील धक्के २१ मार्च व १० जुलै २०२४ रोजीं नांदेडपर्यंत जाणवले. तेव्हां पावसाळ्यापूर्वीं जुनी माती उतरवून पातळ थर द्यावा. भिंत नव्यानें बांधतांना दर दोन-अडीच हातांवर आरपार दगड घालावा. अंथरूण भिंतीपासून दूर, खांबाजवळ घालावें. दाराशीं पोतीं रचूं नयेत. विजेरी उशाशीं, व सातबारा आणि बँकेचें पुस्तक दाराजवळील पेटींत असावें. आमच्या घरीं ही पेटी कैक वर्षें माळ्यावर होती; यंदा खालीं आणली.