एकाच तारेवरचे संसार

कॅनडातील ज्या घरांनी दूरचित्रवाणीची केबल, इंटरनेट, घरचा दूरध्वनी आणि खिशातला मोबाईल या चारही सेवा एकाच कंपनीकडून, एकाच मासिक बिलात आणि बहुधा थोड्याशा सवलतीच्या मोहाने घेतलेल्या होत्या, त्या घरांतील चारही यंत्रे ८ जुलै २०२२ रोजी, शुक्रवारी पहाटे पाचच्या सुमारास एकदमच मुकी झाली. कंपनीचे नाव रॉजर्स. तिच्या ग्राहकांची संख्या एक कोटी वीस लाखांहून अधिक, म्हणजे त्या देशाच्या लोकसंख्येच्या मानाने विचार करता दर तीन-चार माणसांमागे एक. वादळ झाले नव्हते, भूकंप झाला नव्हता, शत्रूने काही कापले नव्हते. आणि तरीही एका दिवसाहून अधिक काळ त्या प्रगत, श्रीमंत व सुव्यवस्थित देशाचा मोठा भाग परस्परांशी बोलू शकत नव्हता.

अशा प्रसंगी प्रथम हळहळ वाटते ती करमणुकीची; पण मालिका चुकली वा सामना हुकला, ही हानी फार तर संध्याकाळपुरती असते. त्या शुक्रवारी टोरोंटोच्या दुकानांत जो हलकल्लोळ माजला तो निराळ्याच कारणाने. कॅनडात बँकेच्या कार्डाने पैसे देण्याची जी देशव्यापी व्यवस्था आहे, ती इंटरॅक नावाची संस्था चालवते, आणि ही संस्था स्वतःच रॉजर्सच्या जाळ्यावर विसंबून होती. त्यामुळे ज्यांनी रॉजर्सचे तोंडही कधी पाहिले नव्हते अशा माणसांनाही दूध-पावाचे पैसे देता येईनात, आणि रोख रक्कम बाळगण्याची सवय सुटलेल्या समाजात दारोदार ‘फक्त रोख’ अशा पाट्या लागल्या. लोक इंटरनेटच्या शोधात सार्वजनिक ग्रंथालयांत आणि कॉफीच्या दुकानांत दाटीवाटीने जाऊन बसले. द वीकेंड या विख्यात गायकाचा त्या रात्रीचा कार्यक्रम ऐनवेळी पुढे ढकलावा लागला, आणि ज्या प्रेक्षागारात तो व्हायचा होता त्याचे नाव रॉजर्स सेंटर, हा योगायोग त्या दिवशी कॅनडात कोणाच्या नजरेतून सुटला नसावा.

घडले ते थोडक्यात असे. कंपनी आपल्या मध्यवर्ती जाळ्याची सुधारणा सात टप्प्यांत करीत होती आणि त्या पहाटे सहावा टप्पा चालू होता. जाळ्याच्या मध्यभागी राऊटर नावाची जी मोठी यंत्रे असतात, त्यांचे काम कोणत्या पत्त्याकडे कोणत्या वाटेने जायचे हे ठरवण्याचे. आणि त्यांच्याकडे येणाऱ्या वाटांच्या माहितीवर एक गाळणी बसवलेली असते, जेणेकरून आवश्यक तेवढीच माहिती आत यावी. कर्मचाऱ्यांनी एका यंत्राच्या मांडणीतून ही गाळणी काढून टाकली. मग जे झाले ते, एखाद्या तालुक्याच्या टपालकचेरीने जगातल्या यच्चयावत गावांचे पत्ते मुख्य कचेरीतल्या एकाच कारकुनाच्या मेजावर एका क्षणात ओतावेत आणि त्याने डोके धरून खाली बसावे, तसे झाले. मध्यवर्ती यंत्रे त्या पुराखाली कोसळली. आणि केबल, इंटरनेट व मोबाईल या साऱ्या सेवांचा मध्य एकच असल्यामुळे त्या साऱ्याच त्याबरोबर कोसळल्या.

या प्रकरणाची पुढे कॅनडाच्या दूरसंचार नियामकाने एका स्वतंत्र सल्लागार संस्थेकडून चौकशी करवून घेतली. तिच्या अहवालातील दोन गोष्टी, तंत्रज्ञ नसलेल्या माणसानेही मनाशी जपून ठेवाव्यात अशा आहेत. पहिली ही की, कामाच्या आरंभी या सुधारणेची जोखीम ‘उच्च’ ठरवलेली होती. परंतु आधीचे टप्पे निर्विघ्न पार पडले म्हणून कंपनीच्या गणकपद्धतीने सहाव्या टप्प्याची जोखीम आपोआप ‘अल्प’ करून टाकली, आणि त्याबरोबर कडक तपासणीची निकडही उरली नाही. पाच वेळा नदी सुखरूप ओलांडली म्हणून सहाव्या वेळी पाणी उतरते असे नाही, हे कोकणातला कोणताही तरवाला सांगेल. यंत्राला ते कोणी शिकवले नव्हते. दुसरी गोष्ट याहून विलक्षण. बिघाड शोधणाऱ्या अभियंत्यांचे स्वतःचे फोन आणि स्वतःचे इंटरनेट त्याच कंपनीचे होते, आणि दूरवरच्या यंत्रांपर्यंत पोचण्याची त्यांची देखरेखीची वाटही त्याच कोसळलेल्या मध्यातून जात होती. म्हणजे आग विझवणाऱ्यांचा बंब आग लागलेल्या इमारतीतच कुलूपबंद. दिवसाचा फार मोठा भाग मूळ कारण हुडकण्यातच गेला, तो यामुळे.

आणखी एक तपशील आहे, आणि मला तो सर्वांत भयंकर वाटतो. मोबाईलवरून आणीबाणीचा क्रमांक फिरवला, तर आपल्या कंपनीचे जाळे नसताना फोनने दुसऱ्या कोणत्याही कंपनीच्या मनोऱ्याचा आधार घ्यावा, अशी अनेक देशांत तरतूद असते. पण रॉजर्सचे मनोरे उभे होते, त्यांच्या लहरी हवेत होत्या. मेला होता तो फक्त त्यांच्यामागचा मध्य. फोनला वाटत होते की आपले जाळे शाबूत आहे, म्हणून तो दुसऱ्याकडे वळेना, आणि अनेकांचे ९११ या आणीबाणीच्या क्रमांकाचे कॉल त्या अर्धमेल्या मनोऱ्यापाशीच अडकून राहिले. सिमकार्ड काढून टाकले असते तर फोन कदाचित वळला असता. परंतु ज्याच्या घरात माणूस छाती धरून पडला आहे, त्याला हे सुचणार कसे? संपूर्ण बंद पडलेली सेवा निदान आपण बंद असल्याचे कबूल तरी करते. अर्धवट चालणारी सेवा अधिक घातकी.

या साऱ्यातून जो निष्कर्ष निघतो तो ‘सोबतीला दुसरी सोय ठेवा’ इतका सोपा नाही. दुसरी सोय पुष्कळांनी ठेवलेली असते. प्रश्न हा की ती खरोखरच दुसरी आहे काय. २००८ च्या जानेवारीअखेर इजिप्तमधील अलेक्झांड्रियाजवळ समुद्रतळावरच्या दोन केबल जवळजवळ एकाच वेळी तुटल्या, आणि भारताची पश्चिमेकडे जाणारी इंटरनेटची वाहतूक निम्म्याहून अधिक मंदावली. केबल दोन होत्या, मालक निराळे होते, नावे निराळी होती. वाट मात्र भूमध्य समुद्रातली एकच चिंचोळी पट्टी होती. आपल्या गल्लीत हेच लहान प्रमाणावर घडते. ज्या दोन कंपन्यांची सिमकार्डे आपण मोठ्या शहाणपणाने एका फोनात बसवतो, त्या दोघींच्या अँटेना पुष्कळदा एकाच भाड्याच्या मनोऱ्यावर शेजारी शेजारी टांगलेल्या असतात. आणि इमारतीत आलेल्या दोन निराळ्या इंटरनेटवाल्यांच्या तारा त्याच आंब्याच्या फांदीवरून, त्याच विजेच्या खांबावरून येत असतात. फांदी तुटली की दोन्ही गेल्या. रस्त्याखालच्या तारांचीही तीच कथा. जेसीबीचा दाता खाली कोणाची केबल आहे याची विचारपूस करीत नाही. या दात्याला आवर घालण्यासाठी केंद्र सरकारने मार्च २०२३ मध्ये ‘कॉल बिफोर यू डिग’ नावाचे ॲप सुरू केले, ज्यात खोदणाऱ्याने आधी वर्दी द्यावी अशी अपेक्षा आहे. योजना उत्तम आहे. ती पाळली जाते तेव्हाच तिचा उपयोग, एवढेच नम्रपणे नमूद करतो.

आपल्याकडे या विषयाचा सर्वांत कठोर धडा रायगड आणि रत्नागिरी जिल्ह्यांनी घेतलेला आहे. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूने किनाऱ्यावर चढले, आणि नारळी-पोफळीच्या वाड्यांबरोबर विजेचे खांबही हजारोंनी आडवे झाले. मोबाईलचा मनोरा विजेवर चालतो. वीज गेली की काही तास बॅटरीवर, मग डिझेलच्या जनित्रावर. आणि रस्ताच झाडांनी अडलेला असेल तर डिझेल पोचणार कोठून? टाळेबंदीचे दिवस, मुंबईहून निघण्याची परवानगी दुर्मिळ, आणि गावातल्या आईवडिलांचा फोन लागेना, अशा अवस्थेत कित्येक चाकरमान्यांनी दिवसच्या दिवस काढले. कित्येक वाड्यावस्त्यांवर वीज परतायला आठवडे लागले. कॅनडात तारा शाबूत होत्या आणि बुद्धी चुकली होती. कोकणात तारांचाच मागमूस उरला नव्हता.

आता घरगुती उपायांविषयी. सेवा बंद पडली की प्रथम ठरवावे ते हे की, बिघाड आपल्या घरात आहे, गल्लीत आहे, की शहरभर आहे. कारण त्यावर पुढचा सारा व्यवहार अवलंबून असतो, आणि बहुतेक माणसे याच टप्प्यावर पेटी दहादा बंद-चालू करण्यात अर्धा तास घालवतात. फायबरच्या पेटीवर ‘एलओएस’ अशा अक्षरांखालचा दिवा तांबडा लुकलुकत असेल, तर प्रकाशच पेटीपर्यंत पोचत नाही, तार कोठेतरी तुटली वा वाकली आहे असे समजावे. तो दिवा शांत आहे आणि तरीही इंटरनेट नाही, तर दोष बहुधा वरच्या अंगाला. शेजाऱ्याला विचारणे हा याहूनही जुना आणि खात्रीचा मार्ग. शहरभर बिघाड असेल तर जो तो मोबाईलच्या इंटरनेटकडे धावतो आणि तेही तुंबते. अशा वेळी चित्रफितींचा हट्ट सोडून साधा एसएमएस पाठवावा, तो चिंचोळ्या वाटेनेही निघून जातो. केबलवाल्याचा, डॉक्टरांचा आणि दोन जवळच्या नातेवाइकांचा क्रमांक कागदावर लिहून दाराआड चिकटवलेला असावा. हल्ली कोणाला स्वतःच्या मुलाचा क्रमांकही पाठ नसतो.

जुन्या तांब्याच्या तारेवरच्या दूरध्वनीची येथे आठवण होते. त्याला लागणारी वीज दूरध्वनी केंद्रातल्या बॅटऱ्यांमधून, त्याच तारेवाटे येई, त्यामुळे घरातली वीज गेली तरी तो वाजत असे. आज ‘लँडलाइन’ म्हणून जे यंत्र फायबरच्या पेटीला जोडून मिळते, ते दिसायला तसेच असले तरी घरची वीज गेली की पेटीबरोबर तेही जाते. पेटीसाठी हजार-दोन हजारांचा छोटा बॅटरीसंच मिळतो, तो घेऊन ठेवणे इष्ट. दूरचित्रवाणीच्या बाबतीत दूरदर्शनची ‘फ्री डिश’ ही केबलपासून सर्वस्वी स्वतंत्र अशी वाट आहे, कारण ती उपग्रहावरून थेट छपरावरच्या तबकडीत उतरते आणि तिला मासिक वर्गणी नाही; मात्र मुसळधार पावसात तिचेही चित्र विस्कटते. आणि सेलवर चालणारा ट्रान्झिस्टर, ज्याला आपण अडगळीत टाकले, त्याला ना तार लागते, ना पासवर्ड, ना राऊटर. आकाशवाणीचे केंद्र आणि आपला कान यांच्यामध्ये केवळ हवा असते.

पैशांविषयी एकच सांगतो: घरात थोडी रोख रक्कम सुट्ट्या नोटांत असावी. यूपीआयसाठी इंटरनेट नसले तरी साध्या मोबाईलवरून *९९# फिरवून पैसे पाठवण्याची सोय राष्ट्रीय पातळीवर पूर्वीपासून आहे, पण तिलाही मोबाईलचे जाळे लागतेच, आणि वाण्याला तिची माहिती असेल याची शाश्वती नाही. नोटेला कोणतेच जाळे लागत नाही.

राहता राहिला प्रश्न भरपाईचा. रॉजर्सने आपल्या ग्राहकांना पाच दिवसांच्या शुल्काची सूट दिली आणि मोबाईलचा मध्य व केबलचा मध्य एकमेकांपासून अलग करण्याचे जाहीर केले. इंटरॅकने दुसरा पुरवठादार जोडण्याचे ठरवले. आणि सरकारच्या दडपणाखाली मोठ्या दूरसंचार कंपन्यांनी सप्टेंबर २०२२ मध्ये, संकटात परस्परांच्या ग्राहकांना आसरा देण्याचा लेखी करार केला. आपल्याकडे दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या २०२४ च्या नियमांप्रमाणे एखाद्या जिल्ह्यात मोबाईलसेवा चोवीस तासांहून अधिक काळ खंडित राहिली तर पोस्टपेड ग्राहकास भाड्यात सूट आणि प्रीपेड ग्राहकास मुदतवाढ मिळावयाची आहे. नैसर्गिक आपत्ती मात्र त्यातून वगळलेली आहे. तक्रार करताना तक्रारीचा क्रमांक व वेळ टिपून ठेवावी, कारण तोंडी तक्रारीची दफ्तरी नोंद राहत नाही.

आणि सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या सभासदांना एक विनंती. पुढच्या सर्वसाधारण सभेत वाहनतळाच्या भांडणातून दहा मिनिटे वाचली, तर इमारतीत येणाऱ्या दोन्ही इंटरनेटवाल्यांना बोलावून त्यांच्या तारा कोणकोणत्या खांबांवरून आणि कोणत्या रस्त्याने येतात, हे नकाशावर दाखवायला सांगावे. आणि दोन्ही रेषा एकच निघाल्या, तर त्यांपैकी एकाला वाट बदलायला लावावी.