पुरवणी प्रश्न

संसदेच्या कामकाजाची हकीगत वर्तमानपत्रांतून वाचणाऱ्या वाचकाच्या मनात विरोधी सभासद म्हणजे बाके बडवणारा आणि सभात्याग करणारा गृहस्थ अशी जी प्रतिमा रूढ झाली आहे, ती मधु लिमये यांच्या संसदीय कारकिर्दीकडे पाहिले असता फारशी टिकत नाही. पुण्यात जन्मलेला, 1955 साली गोवामुक्तीसाठी पोर्तुगीजांच्या तुरुंगात गेलेला हा समाजवादी 1964 च्या पोटनिवडणुकीत निवडून आला तो बिहारमधील मुंगेरहून. पुणेकराला गंगाकाठच्या मतदाराने आपला मानावा हे नवलच, पण तो विषय निराळा.

लोकसभेच्या बैठकीचा पहिला तास प्रश्नांचा. अतारांकित प्रश्नाचे उत्तर लेखी मिळते आणि तेथेच त्याचा निकाल लागतो. तारांकिताचे उत्तर मात्र मंत्र्याला उभे राहून द्यावे लागते. सूचना कित्येक दिवस अगोदर पोहोचत असल्याने खात्यातील कारकुनापासून सचिवापर्यंत सारे जण दप्तर उलथेपालथे करून असा मसुदा सिद्ध करतात, की ज्यात खोटे काही नसावे आणि कामाचेही शक्यतो काही नसावे. अध्यक्षांनी पुकारताच सभासद नुसता प्रश्नाचा क्रमांक उच्चारतो. मंत्रीमहोदय ‘निवेदन सभागृहाच्या पटलावर ठेवले आहे’ एवढे बोलून खाली बसतात. परंतु त्यानंतर जो पुरवणी प्रश्न येतो, त्याची आगाऊ सूचना नसते. आणि अशा वेळी अधिकाऱ्यांच्या राखीव जागेतून मंत्र्याकडे लगबगीने सरकणारी चिठ्ठी ज्याने पाहिली असेल, त्याला या तासाचे मर्म वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

लिमये यांची सारी भिस्त याच क्षणावर, आणि तो साधण्यासाठी लागणाऱ्या रूक्ष अभ्यासावर होती. राज्यघटना आणि सभागृहाची नियमावली यांवर त्यांची अशी हुकमत होती, की ते हरकतीचा मुद्दा घेऊन उठले म्हणजे सत्ताधारी बाकांवर चुळबूळ होई. हरकतीचा मुद्दा, लक्षवेधी सूचना, हक्कभंगाचा ठराव ही नावे ऐकताना कोर्टकचेरीतली वाटतात खरी. पण ज्याच्या पाठीशी मूठभर मते आहेत, त्याला बहुमतवाल्या सरकारला जाब विचारण्यास दुसरे साधन ते कोणते? 1974 साली पाँडिचेरीकडील व्यापाऱ्यांना आयात परवाने मिळावेत म्हणून 21 खासदारांच्या सह्यांनिशी गेलेल्या अर्जातील बहुतेक सह्या बनावट असल्याचे उघडकीस आले, तेव्हा विरोधकांनी तपासाचा अहवाल सभागृहापुढे आणण्याचा जो आग्रह धरला, त्यात लिमये आघाडीवर होते.

मार्च 1976 मध्ये त्या लोकसभेची पाच वर्षांची मुदत संपत होती. आणीबाणीच्या काळात ती एका वर्षाने वाढविण्याची तरतूद घटनेतच असल्यामुळे वाढ कायद्यात बसत होती, आणि नियमावर बोट ठेवून आयुष्यभर भांडलेल्या या माणसाला तीत नियमाची चूक काढता येण्याजोगी नव्हती. परंतु मतदारांनी आपल्याला पाचच वर्षांसाठी पाठविले होते असे मानून आणीबाणीत अटकेत असलेल्या लिमये यांनी तुरुंगातूनच राजीनामा धाडला. पुढल्या वर्षी निवडणुका झाल्या तेव्हा ते बांका मतदारसंघातून रीतसर निवडून आले.