गोठा सांभाळून आलात आणि ताप आला, तर डॉक्टरांना काय सांगाल?

आईवडील चारधामला निघतात, काका-काकू लेकीच्या बाळंतपणासाठी पुण्याला जातात. घराला कुलूप लावता येते, गोठ्याला लावता येत नाही. मग शहरातला मुलगा, सून किंवा पुतण्या पंधरा दिवसांची रजा काढून गावी जातो आणि दोन गाई, कोंबड्या, कुत्रा आणि घर सांभाळतो.

असे रुग्ण माझ्याकडे दोन वेळा येतात. काही जण तिथे असतानाच लाथ, खरचटणे, दंश घेऊन येतात. बाकीचे शहरात परतल्यावर आठवडा-दोन आठवड्यांनी ताप घेऊन येतात, आणि मला काळजी या दुसऱ्या गटाची जास्त वाटते. तोपर्यंत गोठा विसरलेला असतो. शहरातले डॉक्टर डेंग्यू, मलेरिया, टायफॉइड तपासतात. तपासण्या निर्दोष येतात, ताप मात्र उतरत नाही.

परतल्यानंतरचा ताप

पहिला संशय लेप्टोस्पायरोसिसचा. उंदीर, गुरे आणि कुत्रे यांच्या लघवीतून हे जंतू ओल्या जमिनीत आणि साचलेल्या पाण्यात उतरतात आणि पायाच्या भेगांतून, जखमांतून शरीरात शिरतात. पावसाळ्यात अनवाणी शेण भरणारा पाहुणा त्यांना आयताच सापडतो. लागण झाल्यावर साधारण ५ ते १४ दिवसांनी थंडी वाजून ताप येतो, डोळे लाल होतात आणि पोटऱ्या इतक्या दुखतात की जिना चढवत नाही. लघवी कमी होणे, डोळे पिवळे दिसणे किंवा धाप लागणे म्हणजे मूत्रपिंड, यकृत किंवा फुप्फुसापर्यंत आजार पोहोचला आहे. अशा वेळी थेट रुग्णालय गाठा. पहिल्या आठवड्यात रक्ततपासणी निगेटिव्ह येऊ शकते, म्हणून केवळ त्या कागदावर विसंबू नका. अंगदुखीसाठी डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन मनाने घेऊ नका, त्याने मूत्रपिंडावर आणखी ताण येतो.

दुसरा आजार स्क्रब टायफस. गवतात आणि झुडपांत गोचिडापेक्षाही कितीतरी बारीक किडे असतात. त्यांच्या अळ्या चावल्याने तो होतो. २०१८ च्या पावसाळ्यात नागपूर आणि विदर्भात याचे बरेच रुग्ण आढळले होते. वैरण कापून आल्यावर दहा-बारा दिवसांनी ताप आणि जोरदार डोकेदुखी सुरू होते. काखेत, जांघेत किंवा कमरपट्ट्याखाली सिगारेटने चटका दिल्यासारखी काळी खपली दिसू शकते. ती दुखत नाही, म्हणून रुग्ण दाखवत नाही, आणि लाजेपोटी लपवणारेही आहेत. ती दाखवाच. नेमकी तीच आम्हाला निदानाकडे नेते.

या दोन्ही आजारांवर डॉक्सीसायक्लिनसारखी स्वस्त औषधे लागू पडतात, पण ती वेळेत आणि डॉक्टरांच्या सल्ल्यानेच सुरू झाली पाहिजेत.

तिसरा आजार ब्रुसेलोसिस. हा सावकाश येतो, कधी कधी महिन्यांनी. संध्याकाळी ताप, रात्री घाम, कंबर आणि सांधे दुखणे असे आठवडेच्या आठवडे चालते. कच्चे दूध पिणे, गाभडलेल्या गाईचा वार किंवा वासरू उघड्या हाताने उचलणे ही त्याची नेहमीची कारणे. धारोष्ण दूध पौष्टिक असते असे आजी सांगेल; आजीचा मान ठेवा आणि दूध उकळून प्या. घरातली गर्भवती सून गाय विताना गोठ्यात जाऊ नये, एवढे मात्र मी हट्टाने सांगतो.

म्हणून ताप आल्यावर डॉक्टरांना सांगायचे वाक्य साधे आहे: "मी अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत गावी गोठा सांभाळला, तिथे चिखलात अनवाणी होतो, वैरण कापली, कच्चे दूध प्यायलो." डॉक्टरांनी विचारले नाही, तरी सांगा.

लाळ गाळणारी गाय

कुत्रा चावला तर काय करायचे हे बहुतेकांना ठाऊक असते: साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटे जखम धुवायची, हळद-चुना-मिरची काही लावायचे नाही आणि त्याच दिवशी लस सुरू करायची. लस सरकारी रुग्णालयात मोफत मिळते. जखम खोल असेल तर इम्युनोग्लोब्युलिनही लागते. पण गाईलाही रेबीज होतो, हे अनेकांना माहीत नसते. गाय खात नाही, लाळ गाळते, घोगऱ्या आवाजात हंबरते. राखणदाराला वाटते, घशात काही अडकले असेल, आणि तो हात घालून चाचपतो. तसे करू नका. १९६२ या क्रमांकावर पशुवैद्यकांना बोलवा. हात आधीच घातला असेल, तर धुऊन लगेच डॉक्टरांकडे जा.

रात्रीचे दोन धोके

मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. दंश फारसा दुखत नाही, खूणही दिसेलच असे नाही. पहाटे पोट दुखते, पापण्या जड होतात, गिळता येत नाही. खाटेवर, मच्छरदाणी गादीखाली नीट खोचून झोपा. सरपणात, गोवऱ्यांत किंवा खुराड्यात टॉर्चशिवाय हात घालू नका. साप चावल्यास आवळून बांधणे, चिरा देणे, मांत्रिक हे सगळे टाळा. अंगठी-कडे काढा, हात-पाय न हलवता १०८ ला फोन करून रुग्णालय गाठा. सर्पदंशाची लस कोणत्या रुग्णालयात आहे, हे गावी पोहोचल्याच दिवशी विचारून ठेवा.

विंचू चावल्यावर दरदरून घाम, ओकाऱ्या आणि हातपाय गार पडणे दिसले तर थांबू नका. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशावर प्राझोसिनचा उपयोग दाखवून दिल्यानंतर हे मृत्यू खूप घटले, पण गोळी वेळेत मिळाली तरच.

निघण्यापूर्वी

धनुर्वाताची लस घेऊन दहा वर्षे झाली असतील तर टीडीचे इंजेक्शन घ्या. मधुमेह असेल तर गमबूट हवेतच, आणि रोज रात्री तळपाय आरशात पाहा. रक्त पातळ करण्याची गोळी सुरू असताना गाईची लाथ पोटाला किंवा डोक्याला बसली, तर बरे वाटत असले तरी तपासून घ्या. दम्याच्या रुग्णाने बुरशी आलेला कडबा दुसऱ्याकडून उपसून घ्यावा. आणि आपल्या रोजच्या गोळ्या पंधरा नव्हे, वीस दिवसांच्या बरोबर न्या. चारधामची गाडी वेळेवर परतेलच असे नाही.