रात्री दीडचं विमान

जालन्याहून पहिल्यांदा परदेशी निघालेल्या माणसाला सगळ्यात आधी समजावून सांगावी लागते ती तारीख. मुंबईहून आखातात, युरोपात, अमेरिकेत जाणारी बरीच विमानं मध्यरात्रीनंतर सुटतात. तिकिटावर १५ तारीख आणि रात्री दीडची वेळ असेल, तर सहारच्या टर्मिनल २ वर १४ तारखेच्या रात्री दहाला हजर राहायचं. आपल्याकडे दिवस उजाडल्यावर बदलतो. त्या सवयीने कुणी १५ च्या रात्री जेवूनखाऊन पोहोचलं, तर विमान आदल्या रात्रीच गेलेलं असतं. म्हणून घरातल्या कॅलेंडरवर ‘निघायचं’ हे १४ च्या चौकोनात लिहावं, तेही जालना सोडायच्या वेळेसकट.

जवळचं विमानतळ चिकलठाण्याचं. पण तिथून मुंबईला जाणारं विमान टर्मिनल १ ला उतरलं, तर सांताक्रूझहून सहारला पुन्हा रस्त्याने यावं लागतं. सामान जास्त असलं की लोक घरूनच गाडी करतात. ५ जून २०२५ ला समृद्धी महामार्गाचा शेवटचा टप्पा खुला झाला आणि आमण्यापर्यंतचा रस्ता सरळ झाला. पुढे भिवंडी, ठाणे आणि मुंबईतली गर्दी मात्र बेभरवशाची. तेवढ्यासाठी दोन तास जास्तीचे हाताशी ठेवावेत.

आत्या आणि मामांना त्यांच्या मुलाकडे न्यू जर्सीला पाठवायचं होतं, तेव्हा मी सोडायला गेलो होतो. टर्मिनलच्या दारासमोर, ट्रॉल्यांच्या रांगेशेजारी, रात्री नेहमी दोन-चार कुटुंबं फरशीवर बॅगा उघडून बसलेली दिसतात. आम्हीही बसलो. हुकाच्या काट्यावर एक बॅग २६ किलो भरली, दुसरी २०. अमेरिकेच्या साध्या तिकिटावर सहसा माणशी २३ किलोच्या दोन बॅगा मिळतात, पण प्रत्येक बॅग वेगळी मोजली जाते. बेरीज बरोबर असून उपयोग नाही. आत्याने ज्वारीचं पीठ, मेतकुटाचा डबा आणि दोन साड्या इकडून तिकडे केल्या. खोबऱ्याच्या वाट्या मात्र काढाव्याच लागल्या. सुक्या खोबऱ्यात तेल भरपूर, ते आपोआप तापून पेट घेऊ शकतं, म्हणून विमानाच्या सामानात त्याला मनाई आहे.

त्याखाली मेथी, गवार, दोडक्याच्या बियाण्यांची पाकिटं निघाली. १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी जालन्यात महिको सुरू केली आणि हे शहर बियाण्यांसाठी ओळखलं जाऊ लागलं. इथल्या आईला मुलाच्या परसबागेसाठी बी न्यावंसं वाटणारच. पण अमेरिकेत पेरायचं बी न्यायला वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागतं, नुसतं पाकीट चालत नाही. मोसंबीचंही तसंच. जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन आहे, तरी ताजं फळ तिकडे काढून घेतात, आणि फॉर्मवर सांगितलं नसेल तर दंडही होऊ शकतो. हे सगळं जालन्यातच, बॅग भरताना ठरवावं. फरशीवर बसून आईच्या हातातलं काढून घेणं फार जड जातं.

दारावर सीआयएसएफचा जवान तिकीट आणि पासपोर्ट पाहतो. सोडायला आलेल्यांना तिथेच थांबावं लागतं, म्हणून पुढचा क्रम मी मोठ्या अक्षरात कागदावर लिहून दिला होता. आधी बॅगा द्यायच्या, बोर्डिंग पास आणि बॅगांच्या पावत्या घ्यायच्या. मग इमिग्रेशनला पासपोर्टवर शिक्का. मग सुरक्षा तपासणी, आणि शेवटी गेट. औषधं आणि पॉवर बँक हातातल्या पिशवीत, तेलाचं लोणचं मोठ्या बॅगेत. गेटचा नंबर ऐन वेळी बदलतो, म्हणून पासवरचा नंबर पाठ न करता फलक बघत राहायचं.

आत्याचे गुडघे दुखतात, त्यामुळे तिकीट काढतानाच व्हीलचेअर मागितली होती. ती ढकलणारा मुलगा दोघांना इमिग्रेशन, तपासणी, गेट असं थेट घेऊन गेला. धडधाकट माणसंही ही खुर्ची मागतात, आणि त्यांना मी दोष देणार नाही. इंग्रजी न येणाऱ्या माणसाला वाट दाखवणारं कुणी तरी हवं असतं, आणि त्यासाठी मागता येणारी सोय बहुतेकांना ही एवढीच ठाऊक असते. ज्याला खरंच चालवत नाही त्याची खुर्ची त्यामुळे अडते. मराठी-हिंदी बोलणारे मदतनीस वेगळे मिळावेत आणि तिकीट काढतानाच ते मागता यावेत, असं मला मनापासून वाटतं.

वाटेत विमान बदलायचं असेल तर मुंबईत बॅगेवर लावलेल्या चिठ्ठीवर शेवटच्या शहराचं नाव आहे का, हे काउंटरवरच विचारून घ्यावं. अमेरिकेत मात्र पहिल्यांदा जिथे उतरतो तिथे, पुढे दुसरं विमान असलं तरी, सहसा बॅगा स्वतः उचलून कस्टम्समधून नेऊन पुन्हा द्याव्या लागतात. मुलाने हे फोनवर आधीच दोनदा सांगून ठेवावं.