सरहद्दीचा कुत्रा आणि रिंगणातला कुत्रा

हिवाळा आला की पुण्या-मुंबईत डॉग शो भरतात आणि जर्मन शेफर्डच्या रिंगणाबाहेर तोच जुना वाद नव्याने पेटतो. एक पक्ष म्हणतो, जर्मन शेफर्ड हा जर्मन शेफर्ड. लाइन-बिइन हे सगळे किंमत चढवायचे धंदे. दुसरा पक्ष मोबाइलवर काळ्याभोर कुत्र्याचा फोटो दाखवून सांगतो, ही आमची खास 'डीडीआर', म्हणजे पूर्व जर्मन, लाइन, बर्लिनच्या भिंतीवरची. पहिल्याने इतिहास वाचलेला नाही आणि दुसऱ्याने सोयीपुरताच वाचला आहे. लाइनी खऱ्या आहेत, त्यांच्यातले फरक डोळ्यांना दिसतात आणि हाताला लागतात. पण ते हवापाण्याने पडलेले नाहीत. पैदाशीचे नर कोण निवडत होता आणि कोणत्या परीक्षेवर निवडत होता, यावरून ते पडले.

या जातीचा जनक फॉन स्टेफानित्स, कार्ल्सरूहचे १८९९ चे प्रदर्शन, तिथे त्याने विकत घेतलेला कुत्रा होरांड फॉन ग्राफराट आणि लगोलग स्थापन झालेला 'एसव्ही' हा जर्मन संघ, एवढी कथा या छंदातल्या नवख्यालाही पाठ असते. तिच्यातला एक धागा मात्र हटकून गळतो. जात नोंदली जाण्याआधीच जर्मन मेंढपाळांकडे कुत्र्यांचे वेगवेगळे प्रांतिक वाण होते. थुरिंगियातला कुत्रा लहानखुरा, तापट, ताठ कानांचा, लांडग्यासारख्या करड्या रंगाचा. शेपूट मात्र बऱ्याचदा वर वळलेली. वुर्टेंबर्गचा कुत्रा हाडापेराने मोठा, शांत, ऐसपैस चालीचा आणि खाली लोंबत्या झुबकेदार शेपटीचा, पण त्याचे कान धड उभे राहत नसत. स्टेफानित्सने हे दोन्ही एकत्र आणले. थुरिंगियाचे कान आणि तडफ, वुर्टेंबर्गचे हाड आणि चाल. म्हणजे ज्याला आपण 'अस्सल एकजिनसी जात' म्हणतो ती मुळातच दोन प्रांतांची सोयरीक आहे. पुढे तिच्या शाखा झाल्या यात नवल ते काय?

स्टेफानित्सच्याच हातून झालेली दुसरी गोष्ट १९२५ ची. पहिल्या महायुद्धानंतर कुत्रे उंच, चौकोनी आणि लांब टांगांचे होत चालले होते. त्या वर्षीच्या राष्ट्रीय स्पर्धेत म्हाताऱ्याने मुद्दाम क्लोडो फॉन बॉक्सबर्ग या तुलनेने ठेंगण्या, लांबट, खोल छातीच्या नराला विजेता ठरवले. एका माणसाच्या एका निवाड्याने पुढच्या दहा वर्षांतल्या पैदाशीची दिशा फिरली. क्लोडो लवकरच अमेरिकेला विकला गेला आणि तिथल्या वंशावळींतही शिरला. परीक्षक कुत्रा घडवतो म्हणतात, त्याचा याहून स्वच्छ पुरावा शोधायला जायला नको.

अमेरिका आणि इंग्लंड आटोपते घेऊ, कारण तिथे मन फारसे रमत नाही. पहिल्या महायुद्धात 'जर्मन' हा शब्द खपेना, म्हणून इंग्रजांनी १९१९ मध्ये कुत्र्याची नोंद अल्सेशियन म्हणून केली आणि १९७७ पर्यंत जर्मन नावाकडे वळून पाहिले नाही. इंग्रजी अल्सेशियन लांब, जड, मऊ स्वभावाचा झाला. ऑस्ट्रेलियाने तर तो लांडग्याचे रक्त घेऊन मेंढ्या खाईल या भीतीने १९२९ मध्ये आयातच बंद केली. ती बंदी उठायला सत्तरचे दशक उजाडले. अमेरिकेत रिन टिन टिनने सिनेमात धमाल केली, आणि १९६७ चा 'ग्रँड व्हिक्टर', म्हणजे राष्ट्रीय विजेता, लान्स ऑफ फ्रॅन-जो याच्या मागे सगळी अमेरिकन शो-लाइन धावली. मागचे पाय आत्यंतिक वळणाचे, पाठ मानेपासून शेपटीपर्यंत उतरती, आणि चाल अशी की पाय जमिनीला लागतच नाहीत असा भास व्हावा. देखणे आहे. पण त्या चालीने मेंढ्या राखून झाल्याचे कोणी पाहिलेले नाही.

इथे एक गोंधळ निस्तरायला हवा. आपल्याकडे 'उतरत्या पाठीचा' म्हणून जर्मन आणि अमेरिकन शो-कुत्रे एकाच दावणीला बांधतात. ते वेगळे आहेत. अमेरिकन पाठ सरळ रेषेत उतरते. पश्चिम जर्मन शो-कुत्र्याची पाठ मध्यावर कमानीसारखी उचललेली असते आणि मग कटीवरून एकदम खाली पडते. या कमानीचा इतिहास फार जुना नाही. साठ-सत्तरच्या दशकांत कांटो आणि क्वांटो फॉन डेर वीनराऊ, आणि मुट्झ फॉन डेर पेल्ट्सटियरफार्म, हे तीन नर पश्चिम जर्मनीत इतके वापरले गेले की आजच्या जवळजवळ प्रत्येक लाल-काळ्या शो-कुत्र्याची पेडिग्री मागे नेली तर त्यांच्याच दारात पोचते. वीनराऊ हे घराणे वाल्टर मार्टिनचे. त्याचा भाऊ हेर्मान मार्टिन 'आर्मिनियस' नावाने पैदास करी आणि १९८२ ते १९९४ एसव्हीचा अध्यक्ष होता. उरान फॉम विल्डश्टायगर लांड आणि क्वांडो फॉन आर्मिनियस हे ऐंशीच्या दशकातले दोन दिग्विजयी नर एकाच आईचे, पाल्मे नावाच्या कुत्रीचे. जगभर पसरलेल्या एका अख्ख्या लाइनीचे दोन मोठे प्रवाह एका मादीपाशी येऊन मिळतात, हे तिच्या भक्तांना कौतुकाचे वाटते. इतरांना ते काळजीचे वाटायला हवे.

जर्मनीत शो-कुत्र्यालाही कामाची पदवी लागते, वीस किलोमीटर सायकलीबरोबर दौड पुरी करावी लागते, असे शो-पक्ष नेहमी तोंडावर फेकतो. खरे आहे. पण किमान गुणांनी पास होणे आणि त्या गुणांवर निवड होणे यांत अंतर आहे. रिंगणाच्या दोरीपाशी उभे राहून पाहावे. मालक बाहेरून शिट्ट्या मारत, हाका मारत, चेंडू नाचवत पळतो. कुत्रा त्याच्या ओढीने पट्टा ताणतो. हँडलर मागे रेलतो आणि कुत्र्याचे पुढचे पाय जणू हवेत तरंगतात. टाळ्या पडतात. बाजूने पाहणाऱ्याला ही चाल दिसते. रिंगणाच्या कोपऱ्यात उभे राहून मागून पाहणाऱ्याला घोटे दिसतात: आत वळलेले, डुलणारे, कधी एकमेकांना घासणारे. मग उभा करण्याची वेळ येते. हँडलर एक मागचा पाय हाताने उचलून लांब मागे नेऊन ठेवतो आणि जी 'लाइन' फोटोत येते ती अर्धी कुत्र्याची, अर्धी हँडलरची असते. २०१६ मध्ये बर्मिंगहॅमच्या क्रफ्ट्स प्रदर्शनात जातीत सर्वोत्तम ठरलेली कुत्री टीव्हीवर अशीच मागून दिसली आणि इंग्लंडभर ओरड झाली. ओरड करणारे सामान्य प्रेक्षक होते. जाणकार म्हणवणाऱ्यांना त्यात वावगे काही दिसले नव्हते.

आता पूर्वेकडे. प्रस्तुत लेखकाचा कल इकडेच आहे, ते लपवण्यात अर्थ नाही.

पूर्व जर्मनीत कुत्रा पाळणारे हौशीच होते, पण त्यांचे मोठे गिऱ्हाईक सरकार होते: सीमादल, पोलीस, सैन्य. या गिऱ्हाइकाला लाल रंगाशी आणि तरंगत्या चालीशी कर्तव्य नव्हते. थंडीपावसात रात्रभर उभा राहील, वास सोडणार नाही, सहा फुटांची भिंत चढेल आणि बूट उगारला तर मागे सरणार नाही, असा कुत्रा त्याला हवा होता. पश्चिमेचे नर सहजी मिळत नसल्याने जे रक्त हाताशी होते त्यातूनच निवडावे लागे, आणि निवड काटेकोर ठेवण्यावाचून गत्यंतर नव्हते. पूर्व जर्मन पेडिग्रीचा कागद हातात घेऊन पाहण्यासारखा असतो. पैदाशीला पास झालेल्या कुत्र्याच्या नावापुढे आकड्यांचा एक छोटा संकेतांक. एकेक आकडा बांध्याचा, हाडाचा, स्वभावाचा, हिमतीचा. ज्याला तो वाचता येतो त्याला न पाहिलेला आजोबाही डोळ्यांपुढे उभा करता येतो. खुब्याच्या सांध्याच्या नोंदींवरही कटाक्ष होता. आज चकचकीत रंगीत कॅटलॉग निघतात, त्यांत विजेत्याचा फोटो पानभर असतो आणि ही माहिती शोधून सापडत नाही.

यातून जो कुत्रा तयार झाला तो ओळखू येतो. डोके मोठे, जबडा रुंद, छाती भरदार, पंजे जाड, पाठ सरळ. रंग गडद करडा. केसाचे टोक काळे, मूळ फिकट, आणि पायाच्या बोटांवर काळ्या रेघा. वयात यायला वेळ लावणारा. दोन वर्षांपर्यंत निव्वळ पोरकट. त्यानंतर मात्र अनोळखी माणसाकडे तो ज्या नजरेने पाहतो ती नजर शो-लाइनीत सहसा आढळत नाही. लॉर्ड फॉम ग्लाइसड्राइएक हे नाव या लाइनीच्या माणसांत आजही आदराने घेतले जाते.

चेक लाइन ही याच घरची धाकटी आणि चलाख बहीण. चेकोस्लोव्हाकियाच्या सीमादलाने १९५५ मध्ये स्वतःचे पैदास केंद्र काढले. त्या कुत्र्यांच्या नावापुढे 'झ पोहरानिच्नी स्त्राझे', म्हणजे सीमादलाचा, असे लागते. डोंगराळ, जंगली सरहद्दीवर मैलोन्‌मैल माग काढायचा, तेव्हा पूर्व जर्मनीच्या भारी देहाचा तिथे उपयोग नव्हता. पूर्व जर्मन रक्त चेकांनी घेतले, पण निवड केली ती दमसास, नाक आणि चपळाईवर. म्हणून चेक कुत्रा बेताचा, काटक, करडा आणि जरा तिखट. लहान मुलांच्या घरात तो पहिला कुत्रा म्हणून नेऊ नये, हे त्याच्या चाहत्यांनीच आधी सांगितले पाहिजे. ते सांगत नाहीत, ही तक्रार आहेच.

पश्चिम जर्मनीतही कामाची लाइन टिकली. ती क्रीडा-स्पर्धांच्या मैदानावर. फेरो फॉम त्सॉयटर्नर हिमेलराइख आणि मिंक फॉम हाउस विटफेल्ड यांची नावे तिथे देवाच्या ठिकाणी. झपाटा, घट्ट चावा, चेंडूसाठी जीव टाकणे. गुणाचे कुत्रे, फक्त संध्याकाळी घरी येऊन पाय पसरणाऱ्या माणसाचे नव्हेत.

आणि आता 'भिंतीवरच्या' दंतकथेबद्दल. पूर्व जर्मन सीमेवर तारेला साखळीने अडकवलेले हजारो कुत्रे होते, हे खरे. मारी-लुइझे शेरर या लेखिकेने १९९४ मध्ये 'डेअर श्पीगेल'मधून 'डी हुंडेग्रेन्झे' या दीर्घ लेखात त्यांची हकिकत सांगितली आहे. वाचवत नाही इतकी ती उदास आहे. पण तारेवरचे हे कुत्रे म्हणजे पैदाशीचे निवडक नर नव्हेत. त्यांत नाना जातींचे, संकराचे, कोणाला नको असलेले कुत्रे होते. भुंकण्यापलीकडे त्यांना काही शिकवलेले नसे. १९८९ नंतर त्यांतले पुष्कळ प्राणिमित्रांनी घरोघर वाटून दिले. तेव्हा भिंतीचे नाव घेऊन पिल्लू विकणारा एक तर अडाणी आहे, नाही तर समोरच्याला अडाणी समजतो. शिवाय तो देशच १९९० मध्ये संपला. आज 'शुद्ध डीडीआर' म्हणजे बंद डबक्यात तीन दशके फिरवलेले रक्त, किंवा नुसता शब्द. उत्तम कामाचे कुत्रे आज मिश्र आहेत: पूर्वेचे हाड, चेकांची काटकता, पश्चिमेचा झपाटा.

आपल्याकडे काय? सत्तर-ऐंशीच्या दशकात प्रभात रोडच्या, कॅम्पातल्या, नाशिक-कोल्हापूरच्या बंगल्यांत जो 'अल्सेशियन' असे, तो इंग्रजी वळणाचा, सरळ पाठीचा, टायगर किंवा सीझर नावाचा कुत्रा. पोस्टमन त्याला भीत आणि घरातली पोरे त्याच्यावर स्वार होत. मग जर्मन परीक्षक येऊ लागले, त्यांच्या मागोमाग जर्मन शो-लाइनीचे आयात नर आले, आणि वीसेक वर्षांत तो जुना कुत्रा दिसेनासा झाला. आज इथला नोंदणीकृत जर्मन शेफर्ड बहुतांशी लाल-काळाच आहे. २०१६ मध्ये केंद्राने पैदाशीसाठी व्यापारी आयातीवर निर्बंध घातले, तेव्हा आहे त्याच रक्तात फेऱ्या वाढल्या. त्यात बाजाराची नवी टूम 'डबल बोन' आणि 'लाँग कोट'. डबल बोन नावाचा प्रकार जातीच्या अधिकृत मानकात कुठेही लिहिलेला नाही. प्रौढ नराला ६० ते ६५ सेंटिमीटर आणि ३० ते ४० किलो एवढेच लिहिले आहे. पण नागपूर-जळगावच्या उन्हाळ्यात पन्नास किलोचा लांब केसांचा कुत्रा फरशीवर धापा टाकत पडलेला असतो आणि मालक त्याच्या वजनाची फुशारकी मारत असतो. दरम्यान सुरक्षा दलांनी आपली निवड केली आहे. केंद्रीय राखीव पोलीस दल आणि एनएसजी बेल्जियन मॅलिनॉइसकडे वळले. रिंगणातल्या लोकांनी याचे वाईटही वाटून घेतले नाही.

तरीही ज्याला करडे पिल्लू हवे आहे त्याने दोन गोष्टी मागाव्यात. पहिली, आईबाप दोन्ही समोर. करडा रंग अनुवंशात लाल-काळ्यावर वरचढ असतो, त्यामुळे दोन लाल-काळ्यांच्या वेतात करडे पिल्लू येऊच शकत नाही. आईबापांपैकी निदान एक तरी करडा दिसलाच पाहिजे. दुसरी, दोघांच्या खुब्यांचे एक्स-रे, आणि तेही वर्षाचे झाल्यानंतर काढलेले. पंचेचाळीस दिवसांच्या पिल्लाला धरून 'याचे हिप्स एकदम टॉप' असे सांगणारे विक्रेते पुण्याच्या आसपास रग्गड आहेत. एक्स-रे मागितला की त्यांतले बरेचसे फोन उचलायचे थांबतात.