गाडी दिल्लीत, मालक पुण्यात

दिल्लीत जुन्या गाड्या महाराष्ट्रापेक्षा स्वस्त मिळतात, हे खरं आहे आणि त्याला कारणही आहे. सर्वोच्च न्यायालयाने 29 ऑक्टोबर 2018 रोजी राजधानी परिसरात दहा वर्षांपुढच्या डिझेल आणि पंधरा वर्षांपुढच्या पेट्रोल गाड्या रस्त्यावर आणायला मनाई केली. 2025 मध्ये त्यात काही सवलत मिळाली; पण वय भरत आलेली डिझेल गाडी पडत्या भावात काढून टाकायची सवय तिथल्या बाजाराला तोवर लागली होती. म्हणून पुण्या-नाशिकची, कोल्हापूरची माणसं फोटो पाहून, तिथल्या कुणा ओळखीच्या मेकॅनिकला दाखवून गाडी घेतात. पैसे जातात, आणि मग चौदाशे-पंधराशे किलोमीटरवरून ती आणायची कशी, हा प्रश्न उभा राहतो.

बहुतेक जण हा प्रश्न भाड्याचा समजतात. चार ठिकाणी दर विचारायचे आणि सगळ्यात कमी सांगेल त्याच्या ताब्यात गाडी द्यायची. पण विक्रेत्याच्या हातून किल्ली सुटल्यापासून ती तुमच्या हातात पडेपर्यंत गाडीला काही झालं, तर भरून कोण देणार? हे ठरवल्याशिवाय भाडं ठरवण्यात अर्थ नाही.

‘गाडीचा विमा आहे, मग काळजी कसली?’

या बाबतीत दोन उलटसुलट समज आहेत आणि दोन्ही अर्धवट आहेत. काहींना वाटतं, ट्रेलरवर चढवलेल्या गाडीला तिचा नेहमीचा विमा लागूच होत नाही. तसं नाही. खासगी गाडीच्या सर्वसमावेशक पॉलिसीची कलमं वाचली, तर रस्ता, रेल्वे, अंतर्गत जलमार्ग किंवा हवाई मार्गाने गाडी नेली जात असताना होणारं नुकसान त्यात धरलेलं दिसतं. फक्त थर्ड पार्टी विमा असेल, तर मात्र तुमच्या गाडीच्या नुकसानीचा एक रुपयाही मिळणार नाही.

दुसरा समज जास्त महागात पडतो: विक्रेत्याची पॉलिसी चालू आहे, म्हणजे ती आपोआप आपली झाली. मोटार वाहन कायद्याच्या कलम 157 नुसार मालकी बदलली की थर्ड पार्टीचा भाग नव्या मालकाकडे गेला असं मानलं जातं. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा भाग तसा जात नाही. त्यासाठी खरेदीपासून 14 दिवसांत विमा कंपनीकडे अर्ज करून नाव बदलून घ्यावं लागतं. नो क्लेम बोनस विक्रेत्याकडेच राहतो, त्यामुळे वरचा फरक भरावा लागतो. आता दिल्लीहून निघालेली गाडी उदयपूरच्या पुढे कुठे घासली, तर परिस्थिती अशी होते: पॉलिसी ज्याच्या नावावर आहे त्याने गाडी विकलेली, आणि गाडी आता ज्याची आहे त्याच्या नावावर पॉलिसी नाही. अशा दाव्यात कंपनीने हात वर केले, तर भांडायला जागा फार थोडी उरते. म्हणून गाडी उचलली जाण्याआधी विम्याचं नाव बदला, नाहीतर वाहतुकीपुरता वेगळा विमा घ्या. बरेच वाहतूकदार ‘ट्रान्झिट इन्शुरन्स’ म्हणून बिलात रक्कम लावतात. ती भरत असाल तर विमा कंपनीचं प्रमाणपत्र मागा आणि त्यावर तुमचं नाव, गाडीचा नंबर आणि खरी किंमत आहे का ते वाचा. प्रमाणपत्र नसेल, तर बिलातली ती ओळ म्हणजे विमा नव्हे.

‘नुकसान झालं तर ट्रान्सपोर्टवाला भरून देईल’

देईल, पण किती? मालवाहतुकीसाठी 2007 चा ‘कॅरेज बाय रोड’ कायदा आहे आणि त्याचे नियम 2011 चे आहेत. त्यांनुसार वाहतूकदाराची जबाबदारी सर्वसाधारणपणे भाड्याच्या दहापटीपर्यंतच मर्यादित असते. समजा भाडं 15,000 रुपये ठरलं, तर मर्यादा झाली दीड लाखाची. गाडी सहा लाखांची असेल तर उरलेल्या साडेचार लाखांचं काय, याचा विचार गाडी चढवण्याआधीच व्हायला हवा. गाडी सोपवताना भरायच्या फॉरवर्डिंग नोटमध्ये गाडीची किंमत जाहीर करून, जास्त जोखमीचा वाढीव दर मान्य केला, तर ही मर्यादा वर जाते. ‘किंमत कमी लिहा, स्वस्तात होईल’ हा सल्ला ऐकलात, तर मर्यादा तुम्हीच खाली ओढून घेता.

वाहतूकदाराच्या पावतीवर, म्हणजे बिल्टीवर, ‘ॲट ओनर्स रिस्क’ असा शिक्का असतो. तो पाहून आपला हक्क संपला असं समजू नका. अशा शिक्क्यामुळे वाहतूकदार स्वतःच्या निष्काळजीपणातून सुटत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2000 मध्येच स्पष्ट केलं आहे. आजच्या कायद्यातही नुकसान वाहतूकदाराच्या चुकीने झालं हे ग्राहकाने सिद्ध करण्याची गरज नाही. मात्र दावा लावण्याआधी लेखी नोटीस द्यावी लागते, आणि तीही बुकिंगच्या तारखेपासून 180 दिवसांच्या आत. फोनवरची बोलणी आणि व्हॉट्सॲपवरची आश्वासनं यांत हे सहा महिने कसे निघून जातात, ते कळतही नाही.

चूक सिद्ध करायची नसली, तरी ओरखडा वाटेतच पडला हे दाखवावं लागतंच. तिथे गाडी उचलतानाचा तपासणी कागद कामी येतो. त्यावर गाडीची रेखाकृती छापलेली असते आणि चालक तिच्यावर खुणा करतो. हा कागद घाईत भरला जातो, कारण ट्रेलर रस्त्याच्या कडेला उभा असतो आणि पुढची गाडी थांबलेली असते. तुम्ही पुण्यात असाल तर दिल्लीत तुमच्या वतीने कुणीतरी हजर हवं. विक्रेत्यावर सोडू नका, कारण पैसे मिळाल्यावर त्याचा जीव त्या गाडीत राहिलेला नसतो. गाडी आधी धुऊन घ्या, धुळीखाली ओरखडे दिसत नाहीत. चारही बाजूंनी न थांबता एकच व्हिडिओ काढा. त्यात चासी नंबर, मीटरवरचे किलोमीटर, इंधनाचा काटा, चारही टायर, स्टेपनी, जॅक आणि पाना येऊ द्या. पुढच्या बंपरची खालची कड वाकून नीट टिपा. रॅम्पवर गाडी चढवता-उतरवताना सगळ्यात जास्त घासते ती हीच कड, आणि उभ्याने काढलेल्या फोटोत ती येतच नाही. चढवल्यावर पट्टे चाकांना बांधलेत की खालच्या भागाला दोर लावून ओढलंय, तेही पाहा. पट्टे चाकांनाच हवेत. पाव टाकी इंधन पुरे. सामान भरून पाठवू नका. बहुतेक वाहतूकदार गाडीतल्या वस्तूंची जबाबदारी घेत नाहीत.

विक्रेत्याचा फास्टॅग काचेवरून काढून टाकायलाही सांगा. ट्रेलरवर बसलेल्या गाडीचा टॅगसुद्धा टोलनाक्यावर वाचला जाऊ शकतो, आणि पैसे आधीच्या मालकाच्या खात्यातून जातात.

‘घरपोच म्हणजे दारात ट्रेलर येतो’

सहा-आठ गाड्यांचा ट्रेलर सदाशिव पेठेत शिरू शकत नाही. बऱ्याच शहरांत अवजड वाहनांना दिवसा प्रवेशही नसतो. गाडी शहराबाहेरच्या यार्डात उतरते आणि तिथून कंपनीचा चालक ती चालवत तुमच्या दारात आणतो. म्हणजे तेवढं अंतर तुमची गाडी परक्या माणसाच्या हातात भर रहदारीत असते, विमा आणि पीयूसी चालू लागतात, आणि ट्रेलरवरच्या नुकसानीपुरता काढलेला विमा तिथे लागू होईलच असं नाही. जमलं तर यार्डातच जाऊन गाडी ताब्यात घ्या. पोच पावतीवर सही करण्याआधी उजेडात गाडीभोवती फिरा, आणि काही दिसलं तर त्याच पावतीवर लिहून मग सही करा. कोरी सही म्हणजे गाडी सुस्थितीत मिळाल्याची कबुली.

रेल्वेचं काय, असंही अनेक जण विचारतात. कारखान्यांतून निघणाऱ्या नव्या गाड्या रेल्वेने जातात, पण त्या अख्ख्या रेकने. दुचाकीसारखी एक कार पार्सल ऑफिसात देऊन पावती घेण्याइतकं ते सोपं नाही. कोकण रेल्वेने ऑगस्ट 2025 मध्ये गणपतीच्या तोंडावर कोलाड ते वेर्णा अशी, गाडी रेल्वेवर चढवून नेणारी रो-रो सेवा कारसाठी सुरू केली, भाडं 7,875 रुपये. ट्रकसाठी ही सेवा 1999 पासून आहेच. कारची ती सेवा कोकण-गोव्याच्या प्रवाशांच्या सोयीसाठी सुरू झाली. दिल्लीत घेतलेली गाडी तिने येणार नाही.

‘वर्षभर डीएल नंबरवर फिरवता येते, कागदांची घाई नाही’

इथे दोन वेगळ्या मुदतींची गल्लत होते. दुसऱ्या राज्यात 12 महिन्यांहून जास्त ठेवलेल्या गाडीला नवा नंबर घ्यावा लागतो, असं मोटार वाहन कायद्याचं कलम 47 सांगतं. मालकी हस्तांतराची मुदत त्याहून कितीतरी कमी आहे: कलम 50 नुसार खरेदीदाराने 30 दिवसांत अर्ज करायचा असतो. तोवर आरसीवर विक्रेत्याचंच नाव असतं, आणि अपघात झाला तर नोंदणीकृत मालकच जबाबदार धरला जातो, असं सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये सांगितलं आहे. दिल्लीच्या आरटीओकडून ना हरकत प्रमाणपत्र, म्हणजे फॉर्म 28, आणि सह्या केलेले फॉर्म 29 व 30 गाडी निघण्याआधीच हातात घ्या. कर्ज असेल तर बँकेचं पत्र आणि फॉर्म 35 सुद्धा. थकलेले ई-चलान विक्रेत्याकडून भरून घ्या. महाराष्ट्रात गाडीच्या वयानुसार रस्ता कर पुन्हा भरावा लागतो आणि आधीच्या राज्यातला परतावा नंतर मागावा लागतो. सौदा करतानाच ही रक्कम धरली नाही, तर दिल्लीचा स्वस्तपणा निम्मा तिथेच संपतो.

आणि हे सगळं गाडी खरोखर अस्तित्वात असेल तरच. ‘मी सैन्यात आहे, बदली झाली, गाडी आर्मी ट्रान्सपोर्टने पाठवतो, आधी भाडं भरा’ ही फसवणूक देशभर वर्षानुवर्षं चालू आहे. ओळखपत्र, गणवेशातला फोटो, शिक्क्याची पावती, सगळं पाठवलं जातं. सैन्य कुणाची खासगी गाडी ग्राहकाला विकून घरपोच देत नाही. आपल्या माणसाने गाडी हात लावून पाहिल्याशिवाय टोकन, भाडं, परत मिळणारी अनामत, यातल्या कशाच्याही नावाखाली पैसे पाठवू नका. पाठवले असतील, तर लाजेखातर गप्प बसू नका; त्याच क्षणी 1930 या सायबर हेल्पलाइनवर फोन करा. पैसे पुढच्या खात्यात जाण्याआधी तक्रार झाली, तर ते गोठवता येतात.